ओला कोपरा

माझी आई झाडांशी जितकी निष्ठुर वागायची तितकी माणसांशी कधीच वागली नाही. माघ अर्धा सरला की ती मोगऱ्याचं पाणी तोडायची. परसात दोन ओळींत बारा झाडं होती आणि तीन आठवडे त्यातल्या एकालाही थेंब मिळत नसे. मग ती पदर खोचून बसायची, फांदीफांदीवरची पानं ओरबाडून काढायची, शेंडे कात्रीने उडवायची आणि बुडाची माती खुरप्याने मागे ओढून मुळं उन्हात उघडी टाकायची. याला ताण देणं म्हणतात. झाडाला वाटलं पाहिजे की आता आपण मेलो. मग एके दिवशी शेणखत टाकून पोटभर पाणी दिलं की ते घाबऱ्याघुबऱ्या सगळं अंग कळ्यांनी भरून टाकतं. मी सतरा वर्षांची होते, बारावीची परीक्षा तोंडावर होती आणि कुणालाही उपाशी ठेवून काम करून घेण्याचा मला भयंकर राग होता. "हे तर ठेकेदारासारखं झालं," मी म्हणायचे. "ठेकेदार मागून शेणखत देतो का?" आई विचारायची. "नाही ना? मग गप बस अन् पानं तोड."

आमचं घर चाकणच्या अलीकडे, एका जुन्या गावाला चिकटलेल्या गुंठेवारीत होतं. त्याआधी आम्ही काळेवाडीत एका खोलीत राहायचो, तेव्हा आईचा मोगरा खिडकीच्या गजाला बांधलेल्या तेलाच्या डब्यात होता. इथे आल्यावर तिला पहिल्यांदा माती मिळाली. बबनशेठ नावाच्या गावातल्या माणसाकडून घेतलेली दोन गुंठे जागा, पुढे तीन खोल्या, मागे परस, परसात एक बोअर, आणि परसाच्या पलीकडे पत्र्याच्या कुंपणाला लागूनच कंपनीची शेड. शेडमध्ये लोखंडाचे पत्रे ठोकून घडवणारा पॉवर प्रेस होता. तो दिवसरात्र एकाच तालात पडायचा, धप्प, मग आपण श्वास घ्यावा एवढी जागा, मग धप्प. मांडणीवरचे पेले एकमेकांना लागून किणकिणायचे. नव्या पाहुण्याला दोन दिवस झोप यायची नाही आणि आम्हाला प्रेस बंद पडला की जाग यायची. शेडच्या टोकाला लावलेल्या मोठ्या दिव्यांमुळे आमच्या परसात खरा अंधार कधी झालाच नाही. पहाटे धुकं उतरलं की तो पांढरा उजेड धुक्यात अडकून राहायचा आणि पानं ओरबाडलेली मोगऱ्याची झाडं त्यात हाताच्या हाडांसारखी उभी दिसायची. वारा फिरला की थिनरचा वास यायचा, जास्त पिकलेल्या केळासारखा गोड. मला तो आवडायचा. आज सांगताना लाज वाटते, कारण तो वास छातीत काय करतो यावर मी पुढे चार पत्रकं लिहिली.

पत्रकांचं सांगितलं पाहिजे. पप्पा कंपनीत मशीनवर होते आणि युनियनमध्येही होते. माझं अक्षर बरं म्हणून सातवीपासून त्यांची हस्तपत्रकं मीच लिहायचे. काळेवाडीत मामांचं झेरॉक्सचं दुकान होतं, तिथे त्याच्या पाचशे प्रती निघायच्या आणि पप्पा फर्स्ट शिफ्टच्या बसमध्ये वाटायचे. लिहिणं त्यांनीच शिकवलं. पहिल्या ओळीत दोषी कोण ते सांगायचं, त्याने काय केलं ते दुसऱ्या ओळीत, आपली मागणी तिसऱ्या ओळीत. "कदाचित, बहुधा, असं वाटतं, हे शब्द साहेब लोकांचे," ते म्हणायचे. "आपल्याला परवडत नाहीत." मला हे इतकं पटलं होतं की मी निबंधसुद्धा तसेच लिहायचे. माझा आवडता ऋतू या विषयावर मी उन्हाळ्याला जाब विचारला होता.

त्या माघात पाणी तोडल्याला चार दिवस झाले असतील. आई सकाळची वंदना म्हणून परसात गेली आणि तिथूनच ओरडली, "प्रज्ञा! पाणी घातलंस का गं?"

"मी कामून घालू?" मी तिच्याच बोलीत म्हटलं. आई मूळची परभणीकडची. तिची बोली मला भांडताना यायची.

"मग हे काय हाय, बग की."

मागच्या ओळीतलं शेवटचं झाड, कुंपणाच्या कोपऱ्यातलं. त्याच्या बुडाशी भाकरीएवढा ओला गोल. बाकी सगळी माती फुफाट्यासारखी कोरडी आणि तेवढीच काळीभोर. दव म्हणावं तर बाकीच्या झाडांना का नाही? बोअरची पाइपलाइन म्हणावी तर ती दुसऱ्या अंगाने जायची. आईने माती चिमटीत घेऊन नाकाशी नेली आणि मला दिली. तिला दुधाचा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. घराची पुढची-मागची दोन्ही दारं आतून बंद. पप्पा पावणेसहाची बस पकडायचे म्हणून आई पाचला उठायची, ओट्याशी धपाटे थापायची. मीही पुस्तक घेऊन जागीच असायचे. मागे तीन-चार पावलांवर कुणीतरी येऊन जात होतं आणि त्या प्रेसच्या आवाजात आम्हाला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. आठवडाभरात बाकीची अकरा झाडं करड्या काड्या झाली आणि कोपऱ्यातल्या त्या एका झाडाला तांबूस कोवळी पालवी फुटली. आई त्याची पानं तोडायला बसली आणि हात मागे घेऊन उठली. "राहू दे आज," ती म्हणाली. आईने बागेतलं काम अर्धवट सोडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

मग पावलं. शेजारच्यांनी बांधकामाची चाळलेली रेती आमच्या कुंपणाच्या आत टाकली होती, तिच्यावर एका सकाळी पावलं उमटली होती. अनवाणी आणि लहान, आठ-नऊ वर्षांच्या मुलाची असावीत एवढी. बोअरच्या बाजूने झाडापर्यंत. मी वाकून, फिरून, दोनदा पाहिलं. सगळी पावलं झाडाकडे तोंड करून होती. परत जाणारं एकही नव्हतं. जो कोणी आला तो झाडापाशी येऊन थांबला आणि मग तिथून गेलाच नाही, असं ती रेती सांगत होती. परसात आमच्या दोघींशिवाय कुणी नव्हतं. ऊन वर आलं होतं, शेजारच्या घरात टीव्ही चालू होता आणि मी मागे सरत दाराला टेकले होते.

त्यानंतर दोन दिवसांनी झाडाच्या बुडाशी, ओल्या मातीत अर्धवट रुतलेली, काळ्या-पांढऱ्या मण्यांची मनगटी सापडली. दृष्ट लागू नये म्हणून तान्ह्या बाळाच्या हातात बांधतात ती. दोरा जुना, कुजायला आलेला. माझ्या दोन बोटांतही बसेना एवढी लहान.

"करणी," शेजारच्या काकू पदराने तोंड झाकून म्हणाल्या. आईने त्यांना चहा दिला आणि घालवून दिलं. पण नंतर तिचं ओट्याशी लक्ष लागेना. तव्यावरचा धपाटा जळून काळा झाला.

मी घाबरले होते आणि मला घाबरण्याचा राग आला. राग आला की मला लगेच दोषी सापडायचा. गावातल्या जुन्या घरांना आम्ही बाहेरचे, आणि बाहेरच्यांतही आम्ही कोण ते आमच्या दारावरची निळी पताका सांगत होती. राहायला आलो तेव्हा पाणी भरायला गेलेल्या आईला एकीने तीनदा आडनाव विचारलं होतं. भाव वाढल्यावर जागा विकलेल्यांना पस्तावा होतो, मग ते लोकांना हुसकावायला काय काय करतात, हे मी पप्पांच्या मित्रांकडून ऐकलं होतं. सगळं जुळत होतं. ती भीती आमची होती, खरी होती, आणि ती मी आजही मागे घेत नाही. पण दारामागे एक रात्र जागून कोण येतंय ते बघावं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. बघणं हे पोलिसांचं काम, माझं काम जाहीर करणं, अशी माझी समजूत होती.

मी पत्रक लिहिलं. पप्पांना न विचारता मामांकडून शंभर प्रती आणल्या. 'आमच्या परसातील जागेचे जुने मालक रोज पहाटे कुंपण तोडून घुसतात! करणीचे सामान टाकून कष्टकरी कुटुंबाला घाबरवतात! त्यांनी चोवीस तासांत जाहीर खुलासा करावा!' डेअरीवर, रेशन दुकानावर, शाळेच्या भिंतीवर, बसथांब्यावर मी ते स्वतःच्या हाताने डकवलं. संध्याकाळपर्यंत गावात दुसरा विषय नव्हता. पप्पांनी शिफ्टवरून येताना वाचलं. घरी येऊन ते एवढंच म्हणाले, "तू बघितलंस का घुसताना?"

"तुम्हीच म्हणता ना, कदाचित लिहायचं नाही."

पप्पांनी डबा ठेवला आणि ते बूटही न काढता बाजेवर बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोपरा कोरडा होता. मला विजय झाल्यासारखं वाटलं. तिसऱ्या दिवशीही कोरडा. आईने त्या झाडाची पानं तोडली.

चौथ्या दिवशी, रविवारी, बबनशेठ आले. एकटेच. पन्नाशी उलटलेला धिप्पाड माणूस, पाच टेम्पो कंपन्यांना लावलेले, गळ्यात साखळी. चार माणसं घेऊन येतील म्हणून पप्पा आधीच दारात जाऊन उभे होते. बबनशेठनी चपला पायरीखाली काढल्या, खिशातून घडी केलेलं पत्रक काढलं.

"कुनी लिव्हलं हे?"

"मी," मी म्हटलं.

"अक्षर झ्याक हाय तुझं." ते टोमणा मारत नव्हते. ते खाली बसले, पाणी प्यायले, पेला जमिनीवर ठेवला. शेडकडून धप्प आलं आणि पेल्यातलं उरलेलं पाणी थरथरलं. "माझी आई येती तुमच्यात, बाजूचा सैल पत्रा सारून," ते म्हणाले. "हौसाबाई. शंभरदा सांगितलं तिला, आता ती जागा आपली न्हाई. तिला कळतं बी, अन् न्हाई बी. माझ्या आदी एक लेकरू झालं हुतं तिला. सव्वा महिन्याचं हुतं, गेलं. तान्ही पोरं काय आपन जाळत न्हाई. बांधाला पुरलं. माघातच. तवापास्नं दर माघात ती दूध-पानी घालती, अन् त्याला पाठ नगं म्हनून उलट्या पावली मागं फिरती."

"अन् मनगटी?" आईने विचारलं.

"त्याचीच. पेटीत जपलेली. आदी माघात एकडाव यायची, यंदा रोज निगाया लागली; मनगटीबी यंदाच का आनून टाकली, काय ठावं. म्हातारी झाली, कुनाच्या हातात पडंल म्हनून आसंल." त्यांनी पत्रकाची घडी पुन्हा घातली. "हे गावात लागल्यापास्नं मी तिच्या खोलीला बाहेरनं कडी घातलीय. काय करू? उद्या कुनी चोर म्हनून हानलं तिला तर? दोन दिस झालं, जेवत न्हाई. दार वाजवती."

आई उठली आणि आत गेली.  मग बाहेर येऊन म्हणाली, "भाऊ, कडी काढा. त्यांना म्हणावं दिवसाढवळ्या या. पुढच्या दारानं." पप्पांनी मान हलवली. बबनशेठ हात जोडून उठले. मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले, कारण पप्पांनी डोळ्यांनीच तसं सांगितलं. माफी मागायची होती. पत्रकात माफी कशी लिहितात ते मला कुणी शिकवलं नव्हतं. मी म्हणाले, "मी सगळी पत्रकं काढून टाकते. आणि नवीन लावते, खरं काय ते लिहून."

"नगं," ते एकदम म्हणाले. मागे वळून आमच्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली घेतला. "खरं लिव्हायचं म्हनशील तर, ती जागाच न्हाई ती."

मला कळलं नाही.

"आयला तेवडं एकच ठावं, हिरीपास्नं वीस पावलं. आता हीर कुटं ऱ्हायलीय? बुजवली, तिच्यावर डांबरी झाली. तुमी बोअर पाडलं तवापास्नं ती तुमच्या बोअरपास्नं मोजती. तिला वाटतं हीच हीर, बारीक झाली. खरा बांध त्या पत्र्याच्या पल्याड व्हता." त्यांनी बोट दाखवलं नाही, नुसती हनुवटी केली, शेडकडे. "मशिनीचा पाया खनला तवा मी हितंच हुबा हुतो. जेसीबीवाल्याला म्हनालो, जरा दमानं. तो म्हनला, का, काय हाय? मी म्हनालो, काय न्हाई." धप्प. ते आवाजाने दचकले. इतकी वर्षं त्या आवाजाशेजारी राहिलेला माणूस दचकला. "तिला सांगू नगंस. कुनालाच नगंस सांगू. वीस पावलं येऊ दे तिला."

त्या आठवड्यात मी झोपले नाही. प्रेस पडायचा आणि मी मोजायचे. मला कंपनीवर संताप येत होता, जमीन विकताना गप्प राहिलेल्या बबनशेठवर येत होता, कागदांवर येत होता. सातबाऱ्यावर विहीर लिहितात, बोअर लिहितात, आंब्याची झाडं मोजून लिहितात. कुणाला कुठे पुरलंय ते लिहायला रकाना नाही. हे सगळं खरं होतं आणि लिहिलं असतं तर गाव पेटलं असतं, माझं आयुष्यातलं सर्वांत जोरदार पत्रक झालं असतं. आणि त्या खोलीत एक म्हातारी, पन्नासहून जास्त माघ आपण नेमक्या जागी पाणी घातलं या एका गोष्टीवर जगलेली. कुणाचंही खरं दाबून ठेवायचं नाही, असं मी मानत होते. आज माझं काम तेच आहे. ठेकेदाराच्या गेटसमोर उभी राहून मी नावानिशी बोलते आणि गुन्हे अंगावर घेते. तरीही हे प्रकरण लिहायला मी दहा वर्षं थांबले, हौसाबाई आणि बबनशेठ दोघंही गेल्यावर बसले, आणि माझी आई हे इथेच पहिल्यांदा वाचणार आहे.

हौसाबाई येईनात. बबनशेठच्या बायकोचा निरोप आला की कडी काढलीय, पण म्हातारी आता बाहेर पडायलाच भितेय. लोक चोर म्हणतात म्हणते. हे माझं काम होतं, मीच केलेलं. म्हणून मीच आणायला गेले. शेवटचा पेपर देऊन, गणवेशातच. त्यांचं घर दोन मजली, खाली टेम्पोंची टायरं आणि मागे एक खोली. कॉटवर एक बाई बसली होती, एवढीशी, पाय जमिनीला टेकत नव्हते. ती पावलं मी ओळखली.

"कोन तू?"

"मोगऱ्यावाल्यांची."

"ते कागद लावलं ती?"

"हो. मीच ती."

तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "लई वरडतीस गं कागदावर," ती म्हणाली आणि तांब्या शोधू लागली.

आम्ही चालत आलो.  पुढच्या दाराने आत यायला तिने नकार दिला नाही, पण उंबऱ्यावर थबकली, आईने हात दिला. परसात उन्हं आडवी झाली होती. अकरा झाडांना नुकतंच खत-पाणी दिलं होतं, त्यांच्या काड्यांवर हिरवे ठिपके दिसत होते. हौसाबाई बोअरपाशी गेली, त्याच्या पाइपाला हात लावून नमस्कार केला आणि मोजायला लागली. येक, दोन, तीन. तिची पावलं इतकी लहान होती की वीसला ती बरोबर कोपऱ्यातल्या झाडापाशीच पोचली. आणि थांबली.

ती पहाटेच्या धुक्यात यायची, पांढऱ्या उजेडात. दिवसाढवळ्या ती इथे कित्येक वर्षांत आली नसावी. तिने मान वर करून शेड पाहिली, पत्रा पाहिला, आमची टाकी, शेजारची गच्ची. पुन्हा मागे बोअरकडे पाहिलं. तिचे ओठ हलत होते, ती पुन्हा मोजत होती. चेहऱ्यावरून काहीतरी सरकत गेलं आणि मला वाटलं, आता हिला कळणार. शेडकडून धप्प आलं. पायाखालची माती जराशी हलली.

"आज निराळंच दिसतंय," ती म्हणाली. आईकडे नाही, माझ्याकडे वळून. मी कागदावर ओरडणारी, म्हणजे मला माहीत असणार, असं तिने धरलं असावं. "पोरी, तू शिकलेली. हितंच हाय न्हवं?"

आई माझ्याकडे बघत होती. तिला वाटत होतं, सोपा प्रश्न आहे.

"व्हय आजी," मी म्हणाले. "हितंच हाय."

तिने श्वास सोडला. खाली बसली, झाडाच्या उघड्या मुळांवर तळहाताने माती ओढली, लहान मुलाला पांघरूण घालावं तशी. "आवाज लई येतो हितं," ती मातीला म्हणाली. "पर निजलंय. गुनाचं हाय." मग तांब्या माझ्यापुढे धरला.  "घाल तू. माज्याच्यानं सांडतंय."

मी बसले आणि ओतलं. दूधपाणी मातीवर क्षणभर पांढरं राहिलं आणि आत गेलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही, आईकडे पाहिलं नाही, कुंपणाकडे तर नाहीच. तांब्या रिकामा झाला तरी हौसाबाई पुरे म्हणाली नाही, म्हणून मी उठले आणि तो पुन्हा भरून आणायला बोअरकडे गेले.